संविधानाची घडण आणि विनयातील ‘तिणवत्थारक’

दिनांक २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या समारोपाच्या भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भिक्खुसंघाच्या कामकाजपद्धतीचा उल्लेख केला, ही गोष्ट आपल्या वाचकांस सुपरिचित आहे. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, एकदा निकालात निघालेला प्रश्न पुन्हा उकरून न काढण्याचा दंडक, या सर्व गोष्टी संघाला ठाऊक होत्या आणि त्या काळच्या गणराज्यांच्या सभांतून भगवान बुद्धांनी त्या घेतल्या असाव्यात, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. विनयपिटकाशी ताडून पाहता हे विवेचन साधार ठरते. आसनपञ्ञापक, ञत्ति, कम्मवाचा, गणपूरक, सलाकागाह हे शब्द त्याची साक्ष देतात.

परंतु या एका उल्लेखावर आपल्याकडे जी इमारत उभी करण्यात आली आहे, तिचे परीक्षण करणे आवश्यक झाले आहे. संविधान दिनाच्या निमित्ताने होणाऱ्या व्याख्यानांतून आणि प्रकाशित होणाऱ्या पुस्तिकांतून दोन मते वारंवार मांडली जातात. पहिले मत असे की, संविधान ही बाबासाहेबांची एकहाती निर्मिती असून विनयाची तत्त्वेच तीत उतरली आहेत. सबब तीत तडजोडीला जागा नाही. दुसरे मत याच्या नेमके उलट आहे. संविधान म्हणजे काँग्रेस पक्षातील निरनिराळ्या गटांच्या तडजोडींची बेरीज असून बाबासाहेब केवळ लेखणी चालविणारे होते, असे या मताचे लोक म्हणतात आणि पुराव्यादाखल २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत बाबासाहेबांनी काढलेल्या संतप्त उद्गारांकडे बोट दाखवितात.

दोन्ही मते परस्परविरोधी भासली, तरी त्यांच्या मुळाशी गृहीतक एकच आहे. तडजोड म्हणजे उणेपणा, असे दोघेही धरून चालतात. एकाला तो उणेपणा दिसू द्यायचा नसतो, दुसऱ्याला त्याखेरीज काही दिसत नाही. कोणती तडजोड ग्राह्य, कोणती अग्राह्य, आणि ती कोणावर बंधनकारक, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत. हा प्रश्न विचारण्याची शिस्त विनयपिटकात आहे, ती संविधानाच्या अभ्यासाला लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही तुलना बाबासाहेबांनी केलेली नाही. तिची जबाबदारी सर्वस्वी प्रस्तुत लेखकाची आहे.

विनयातील तडजोडीचे शास्त्र

चुल्लवग्गाच्या समथक्खन्धकात अधिकरणे, म्हणजे संघात उत्पन्न होणारे वाद, शमविण्याचे सात मार्ग सांगितले आहेत. त्यांतील पहिला सम्मुखाविनय. वाद मिटविताना संघ, धम्म, विनय आणि संबंधित व्यक्ती असे चौघेही समोर असले पाहिजेत, असा त्याचा दंडक आहे. अन्य सर्व मार्गांना याची जोड लागते. बहुमताने निर्णय करण्याचा मार्ग तो येभुय्यसिका. चर्चा भरकटू लागल्यास विषय निवडक भिक्खूंच्या समितीकडे सोपविण्याची रीत आहे, तिला उब्बाहिका म्हणतात. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत दहा वादग्रस्त मुद्द्यांचा निर्णय याच रीतीने झाला. त्या समितीत पूर्वेकडील चार आणि पश्चिमेकडील चार असे आठ थेर होते, आणि समितीत झालेला निर्णय पुन्हा संपूर्ण संघासमोर प्रश्नोत्तररूपाने मांडण्यात आला, हे येथे लक्षात ठेवावयाचे आहे.

सातवा आणि शेवटचा मार्ग ‘तिणवत्थारक’ हा होय. तिण म्हणजे तृण. अवत्थारक म्हणजे झाकणारे. भांडणाच्या भरात दोन्ही बाजूंच्या भिक्खूंकडून अनेक अनुचित गोष्टी घडल्या, आणि त्या एकेक करून उगाळीत बसल्यास संघात फूट पडेल अशी स्थिती आली, तर सर्वांनी एकत्र जमावे, दोन्ही पक्षांतील एकेका समर्थ भिक्खूने आपल्या पक्षाच्या वतीने दोष मान्य करावेत आणि त्यांवर गवत टाकावे, अशी ही रीत आहे. अट्ठकथेने दिलेली उपमा रोखठोक आहे. घाण ढवळली तर तिची दुर्गंधी त्रास देते; गवताने नीट झाकली तर देत नाही. आपण मराठीत ‘पांघरूण घालणे’ म्हणतो, त्याच्या अगदी जवळचा हा शब्द आहे. मात्र घाण नाहीशी झाली, असे अट्ठकथा म्हणत नाही.

या मार्गाला विनयाने चार अपवाद सांगितले आहेत. पहिला, थुल्लवज्ज म्हणजे स्थूल, गंभीर दोष गवताखाली झाकता येत नाहीत. दुसरा, गृहस्थांशी निगडित असलेले दोष झाकता येत नाहीत. कारण ज्याचे नुकसान झाले तो संघाबाहेरचा आहे, आणि संघातील भिक्खूंनी आपसांत एकमेकांना क्षमा करून त्याचे नुकसान भरून निघत नाही. तिसरा, ज्याने आपले भिन्न मत उघडपणे प्रकट केले, तो या शमनातून बाहेर राहतो. आणि चौथा, जे तेथे उपस्थित नव्हते, त्यांनाही हे शमन लागू होत नाही. तडजोड आवश्यक असते हे विनयाला मान्य आहे. तिच्या सीमा मात्र त्याने काटेकोर आखून ठेवल्या आहेत. याच चार सीमांच्या आधारे संविधानातील प्रमुख तडजोडींचे परीक्षण करता येते.

जे झाकता येत नाही

अस्पृश्यता हा भारतीय समाजाचा थुल्लवज्ज. त्याबाबत संविधान सभेने पांघरूण घातले नाही, हे प्रथम नमूद केले पाहिजे. मूलभूत हक्कांच्या अंतरिम अहवालातील अस्पृश्यता नष्ट करणारे कलम सभेने २९ एप्रिल १९४७ रोजी स्वीकारले. पुढे मसुद्यातील अकरावे कलम म्हणून ते २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संमत झाले आणि आज ते सतरावे कलम आहे. मूलभूत हक्कांतील बहुतेक कलमांना ‘परंतु’ जोडलेले आहे. या कलमाला ते नाही.

खानदेशातील वाचकांनी येथे एका तारखेची नोंद घ्यावी. हे कलम दिल्लीत स्वीकारले गेल्यानंतर दोनच दिवसांनी, १ मे १९४७ रोजी, पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असलेले आणि येथील तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ अध्ययन केलेले हे गृहस्थ आपल्या गावाला परके नाहीत. १० मे रोजी उपोषण सुटले व मंदिर-प्रवेशाचा मार्ग मोकळा झाला. बाबासाहेबांनी मंदिर-प्रवेशाचा मार्ग तोवर केव्हाच मागे टाकला होता; १९३० साली सुरू झालेल्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली होती. तथापि या दोन तारखांतील अंतर बोलके आहे. एकीकडे देशाच्या सभेने थुल्लवज्ज मान्य करून तो नष्ट झाल्याचे जाहीर केले. दुसरीकडे एका मंदिराचे दार उघडावे म्हणून एका शिक्षकाला प्राण पणाला लावावे लागत होते. कलमाने दोषाची कबुली झाली. दोषाचे निराकरण झाले नाही. शिक्षेची तरतूद करणारा कायदाही १९५५ साली आला, आणि त्याचे अपुरेपण ध्यानी आल्यावर १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा करावा लागला. असे असले तरी, कबुली हीच निराकरणाची पहिली पायरी आहे, असे विनयही म्हणतो.

उघड केलेले भिन्न मत

आता तिसरा अपवाद पाहू. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन सादर केले. मूलभूत उद्योग व विमा राज्याच्या मालकीचे असावेत, शेती हा राज्याचा उद्योग असावा, अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ आणि स्वतंत्र वसाहती मिळाव्यात, सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरावा, आणि ही आर्थिक रचना संविधानातच घालून बदलत्या बहुमताच्या आवाक्याबाहेर ठेवावी, असा त्याचा गाभा होता. त्यानंतर पाच महिन्यांनी, २९ ऑगस्ट १९४७ रोजी, मसुदा समिती नेमली गेली व दुसऱ्या दिवशी बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले.

या निवेदनातील मागण्यांचे काय झाले, हे पाहिले म्हणजे तडजोडीचे स्वरूप स्पष्ट होते. राज्य समाजवाद संविधानात आला नाही. त्याची छाया मार्गदर्शक तत्त्वांत उतरली, आणि ती तत्त्वे न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत असे सदतिसाव्या कलमाने सांगितले. स्वतंत्र मतदारसंघाची मागणी मागे पडली. १६ ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने दिलेले ७१ स्वतंत्र मतदारसंघ गांधीजींच्या प्राणांतिक उपोषणाच्या दडपणाखाली २४ सप्टेंबरच्या पुणे कराराने गेले होते आणि त्यांच्या जागी संयुक्त मतदारसंघातील १४८ राखीव जागा आल्या होत्या. त्याच चौकटीवर आता शिक्कामोर्तब झाले. राखीव जागेवर निवडून येणाऱ्याला निदान आपल्या समाजाची ३५ टक्के मते तरी मिळालेली असावीत, ही एस. नागप्पा यांची २८ ऑगस्ट १९४७ ची सूचनाही टिकली नाही. मूळ मागणीतील प्रतिनिधीच्या उत्तरदायित्वाचा मुद्दा अशा रीतीने दोनदा बाजूला सारला गेला. राखीव जागांना दहा वर्षांची मुदत घालण्यात आली. ती वेळोवेळी वाढवीत १०४ व्या घटनादुरुस्तीने २०३० पर्यंत नेण्यात आली आहे. मुदत वाढत गेली, पण निवडून आलेला प्रतिनिधी कोणाला बांधील, हा १९४७ चा प्रश्न होता तेथेच राहिला.

ग्रामपंचायतींचे चाळिसावे कलम हे आणखी एक उदाहरण. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली. त्याच महिन्यात, २२ तारखेला, के. संथानम यांची पंचायतींविषयीची दुरुस्ती त्यांनी स्वीकारली. दोनच दिवसांनी गोवंशाविषयीची ठाकूरदास भार्गव यांची दुरुस्तीही स्वीकारली गेली. फक्त तिला मूलभूत हक्कांत नव्हे, तर मार्गदर्शक तत्त्वांत स्थान मिळाले. याला मतपरिवर्तन म्हणता येणार नाही. जे टाळता येत नव्हते त्याला कमीत कमी अपाय होईल अशा जागी बसविण्याचे हे कौशल्य होते. मार्गदर्शक तत्त्वांचे प्रकरण हे या दृष्टीने संविधानातील तृणाच्छादित अंगण म्हणावे लागेल. गमावलेल्या मागण्या आणि नको असलेल्या मागण्या दोन्ही तेथे शेजारी शेजारी झाकून ठेवलेल्या आढळतात.

पण ज्याने भिन्न मत उघड केले तो गवताखाली जात नाही. मार्च १९४७ चे निवेदन, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांच्यातील विसंगतीविषयी दिलेला इशारा, १९५३ चे राज्यसभेतील उद्गार आणि १९ मार्च १९५५ रोजी तेथेच केलेला खुलासा ही एकच साखळी आहे. देवासाठी मंदिर उभारले आणि देव येण्याआधीच त्यात सैतान शिरला, असा त्या खुलाशाचा आशय होता. १९५३ चे वाक्य एकटे उचलून ‘बाबासाहेबांनी संविधान नाकारले’ असे म्हणणारे या साखळीचा एकच दुवा हाती घेतात. विनयाच्या परिभाषेत ते दिट्ठाविकम्म होते. संघकर्मात सहभागी राहून आपली असहमती नोंदविण्याचा तो सभ्य आणि मान्य मार्ग आहे.

बाहेरच्यांचे नुकसान

गृहस्थांशी निगडित दोषाचा अपवाद मालमत्तेच्या हक्काला, म्हणजे मूळच्या एकतिसाव्या कलमाला, लागू पडतो. जमीन सरकारने घेतल्यास मोबदला किती आणि कसा, यावर नेहरू, सरदार पटेल आणि गोविंद वल्लभ पंत यांची मते जुळत नव्हती. सप्टेंबर १९४९ मध्ये संमत झालेले कलम या तिघांच्या मतांची मोट होती. त्याची जबाबदारी मसुदा समितीवर येत नाही, असे बाबासाहेबांनी १९५५ मध्ये राज्यसभेत स्पष्ट केले. येथे तडजोड कोणाकोणांत झाली? जमीनदाराचा मोबदला आणि सरकारची तिजोरी यांची काळजी वाहणाऱ्यांत. ज्याला जमीनच नव्हती तो या वाटाघाटीत कोठेही नव्हता. ज्याचे नुकसान झाले तो बाहेरचा, आणि क्षमा मात्र आतल्यांनी एकमेकांना केली.

म्हणूनच हे गवत टिकले नाही. पहिलीच घटनादुरुस्ती १९५१ साली याच प्रश्नावर करावी लागली आणि अखेर १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ते कलम मूलभूत हक्कांतून वगळण्यात आले. आणि भूमिहीन? ते १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली खानदेशासह महाराष्ट्रात, आणि १९६४-६५ साली देशभर, सत्याग्रहाला उतरले. झाकलेल्या प्रश्नाने आपले अस्तित्व असे जाणवून दिले.

जे तेथे नव्हते

चौथा अपवाद सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रौढ मताधिकाराने निवडलेली संविधान सभा हवी, ही मागणी डिसेंबर १९३६ मध्ये आपल्याच खानदेशातील फैजपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात दुमदुमली होती. प्रत्यक्षात १९४६ ची सभा त्रिमंत्री योजनेनुसार प्रांतिक विधिमंडळांनी निवडली, आणि त्या विधिमंडळांचा मताधिकार मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या अटींनी जखडलेला होता. सभेची पहिली तडजोड तिच्या जन्मातच होती. खुद्द बाबासाहेबांना प्रथम बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने, सभेत यावे लागले. फाळणीने ती जागा गेल्यावर जुलै १९४७ मध्ये मुकुंदराव जयकरांच्या रिक्त जागी ते मुंबई प्रांतातून निवडले गेले. मसुदा समितीची वैशालीच्या उब्बाहिकेशी तुलना करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की, तेथे दोन पक्षांचे समसमान थेर होते. येथे सात सदस्यांत अस्पृश्यांच्या बाजूचा एकच होता. शिवाय टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी सभेत सांगितल्याप्रमाणे सहकाऱ्यांचे राजीनामे, मृत्यू व अनुपस्थिती यांमुळे कामाचा भार बहुतांशी त्या एकावरच पडला. श्रमाचा भार एकाचा होता. निर्णयाची सत्ता एकाची नव्हती. हा भेद विसरल्यामुळेच वर सांगितलेली दोन्ही मते उत्पन्न होतात.

अनुपस्थितांचा प्रश्न आपल्या समाजाच्या तर जिव्हाळ्याचा आहे. १९४९ साली, महाराष्ट्रात आज ज्याला आपण बौद्ध समाज म्हणतो, तो अस्तित्वात नव्हता. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्माशी बांधला. काही शीख जातींचा तेवढा अपवाद होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर ज्यांनी धम्म स्वीकारला, त्यांना केंद्राच्या यादीतून बाहेर पडावे लागले आणि १९९० च्या दुरुस्तीपर्यंत चौतीस वर्षे थांबावे लागले. जात त्यांनी सोडली होती, जातीने त्यांना सोडले नव्हते; वेशीबाहेरची वस्ती वेशीबाहेरच होती. जे त्या तडजोडीच्या वेळी उपस्थितच नव्हते, त्यांच्यावर तिचे ओझे पडले. शीख बांधवांच्या सर्व अस्पृश्य जातींना १९५६ साली, आपल्याला १९९० साली न्याय मिळाला. दलित ख्रिस्ती व मुस्लिम यांच्याविषयीची अट त्यानंतरही तशीच राहिली. आपले गवत निघाले म्हणून दुसऱ्यावरचे दिसेनासे व्हावे, हे धम्माला धरून होणार नाही.

बहुमत आणि धम्म

येथे विनयाचा मोठेपणा सांगताना त्यातील एक अवघड जागा लपविणे अभ्यासकाला शोभणार नाही. सलाकागाहात, म्हणजे शलाकांच्या मतदानात, गुप्त पद्धतीने मत घेतल्यावर अधम्मवादी संख्येने अधिक भरले, तर ते मतदान सदोष ठरवून शलाका परत घ्याव्यात, असे समथक्खन्धक सांगतो. आजच्या निवडणूक अधिकाऱ्याने असे केले तर त्याला तुरुंगात जावे लागेल. तेव्हा ‘विनय म्हणजेच संसदीय लोकशाही’ हे समीकरण जसेच्या तसे टिकत नाही. संघ स्वेच्छेने प्रव्रज्या घेतलेल्यांचा असतो. राष्ट्रात माणूस जन्माने येतो आणि विषमताही जन्मानेच त्याच्या पाठी लागते.

परंतु या अवघड नियमामागील विचार मोलाचा आहे. बहुमत हे वाद मिटविण्याचे साधन आहे, धम्माचे उगमस्थान नाही. काही गोष्टी मोजणीच्या पलीकडे असतात. संविधानाने हाच विचार निराळ्या यंत्रणेने स्वीकारला. शलाका परत घेण्याचा अधिकार त्याने एका व्यक्तीच्या हाती दिला नाही; मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा शून्यवत ठरविणारे तेरावे कलम आणि स्वतंत्र न्यायव्यवस्था यांच्या हाती दिला. १९७३ च्या केशवानंद भारती निवाड्याने संविधानाच्या मूलभूत चौकटीला हात लावण्याचा अधिकार संसदेलाही नाही, असे ठरविले, तेही याच वाटेने. बाबासाहेबांना ही मर्यादा आर्थिक रचनेपर्यंत न्यायची होती. ती तेथवर गेली नाही, हे त्या काळच्या सर्व तडजोडींतील सर्वांत महाग पडलेले दान होय.

मिटलेले आणि न मिटलेले

पाचित्तियाच्या त्रेसष्टाव्या नियमानुसार, धम्माला अनुसरून मिटलेले अधिकरण जाणूनबुजून पुन्हा उकरून काढणे हा दोष आहे. या नियमातील भर ‘यथाधम्म’ या शब्दावर आहे. जे केवळ मिटले ते नव्हे, जे धम्माप्रमाणे मिटले तेच पुन्हा उघडता येत नाही.

हीच कसोटी संविधानाला लावावी. अस्पृश्यतेचा नाश, कायद्यापुढील समानता, प्रौढ मताधिकार ही अधिकरणे यथाधम्म मिटली आहेत. प्रौढ मताधिकाराने तर १९४६ साली सभेबाहेर राहिलेल्या कोट्यवधींना यापुढील प्रत्येक निर्णयात उपस्थित केले, आणि आपल्या जन्मातील उणीव सभेने स्वतःच्या हाताने भरून काढली. ही अधिकरणे कोणत्याही निमित्ताने पुन्हा उकरून काढू पाहणारा, मग तो कितीही बहुमताचा धनी असो, दोषास पात्र आहे. याउलट भूमीची वाटणी, राखीव जागेवरील प्रतिनिधीचे उत्तरदायित्व, धर्म बदलणाऱ्या दलिताचा दर्जा, मार्गदर्शक तत्त्वांत अडकून पडलेली आर्थिक समता ही अधिकरणे केवळ झाकली गेली आहेत. ती उघडण्यास विनयाची आडकाठी नाही, आणि संविधानाचीही नाही. त्यासाठीच तर दुरुस्तीचे ३६८ वे कलम आहे.

तेव्हा संविधानात तडजोडी नाहीत असे सांगून बाबासाहेबांचा गौरव होत नाही, आणि त्या आहेत म्हणून त्यांचे कर्तृत्व उणावतही नाही. काय झाकू द्यायचे आणि काय कदापि झाकू द्यायचे नाही, याचा विवेक त्या तीन वर्षांत त्यांनी एकाकी अवस्थेत राखला. उद्देशिकेचे सामूहिक वाचन करणाऱ्या आपल्या विहारांनी यापुढे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’चेही वाचन सुरू करावे. एका ग्रंथात जे मान्य झाले ते आहे, दुसऱ्यात जे मान्य झाले नाही ते आहे. आणि दोन्ही शेजारी ठेवल्याखेरीज आपल्याला कोणते काम पुरे करावयाचे राहिले आहे, याचा उलगडा होणार नाही.